डोंबिवली ते ठाणे: आमच्या इंग्रजीच्या बाईंना

आदरणीय बाई,

नमस्कार. तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी डब्यात केक कापला, फोटो काढले, सगळ्याजणी रडल्या, पण मला जे बोलायचं होतं ते त्या गर्दीत राहूनच गेलं, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या सकाळच्या स्लो लोकलच्या लेडीज डब्यात काय चालायचं ते बाकीच्यांनाही कळू दे.

डोंबिवलीला चढलं की कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, मग ठाणे. तेवढ्यात ग्रामरचा एकच मुद्दा. दुसरा विचारला की "उद्या". आणि मग दिवसभर ऑफिसात मेल टाइप करताना, साहेबांचं बोलणं ऐकताना तोच मुद्दा शोधायचा, संध्याकाळपर्यंत तो इतक्या वेळा समोर यायचा की पाठ करावाच लागायचा नाही.

आम्ही मराठी शाळेतल्या, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून आलं ते २००० साली). लग्नाआधी मी एका क्लासला जायचे, तिथे मराठी शब्द तोंडातून निघाला की दंड! तुम्ही मात्र उलट मराठीच कामाला लावलीत. अ आणि ॲनचा धडा मी कित्येक जणींना सांगितलाय. शब्द मराठीत लिहून बघा, म्हणालात, पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. अवर लिहिताना अ येतो म्हणून ॲन अवर, युनिव्हर्सिटी लिहिताना य येतो म्हणून अ युनिव्हर्सिटी, एफआयआरला ए म्हणून ॲन एफआयआर. इंग्रजी स्पेलिंगकडे बघायचंच नाही, कानाला काय ऐकू येतं ते बघायचं, आणि आपली लिपी कानाला ऐकू येतं तेच लिहिते ना! शाळेत कोणी का नाही हो सांगितलं हे?

सिन्स आणि फॉर पण तसंच. आपण सकाळपासून म्हणतो आणि पाच वर्षांपासूनही म्हणतो, दोन्हीकडे पासून, म्हणून आपल्याकडे अर्धं ऑफिस 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतं. तुम्ही विचारायला लावलंत की सुरुवात कधी झाली ते सांगतोय की किती वेळ गेला ते? सुरुवात असेल तर सिन्स, सिन्स मॉर्निंग, सिन्स मंडे. वेळ मोजत असू तर फॉर, फॉर फाइव्ह इयर्स, आणि पुढे ॲम वर्किंग नाही, हॅव बीन वर्किंग. हा हॅव बीनवाला भाग मात्र दुसऱ्या दिवशी, कारण एका दिवशी एकच.

आलेय आणि आले वरून प्रेझेंट परफेक्ट शिकवलंत तो दिवस मला फार आवडतो. आलेय म्हणजे हॅव कम, आले म्हणजे केम, इतकं सोपं. पण लगेच सावधही केलंत, मराठीत 'मी कालच आलेय' चालतं, इंग्रजीत यस्टरडे आला की हॅव कम चालत नाही, तिथे साधं केमच. कुठे मराठी साथ देते आणि कुठे सोडते हे दोन्ही सांगणारं माणूस मला तुमच्याआधी भेटलं नव्हतं.

आणि तुम्ही कोणाला हसला नाहीत. फिनाईल विकायला येणाऱ्या मावशींनी सोसायटीच्या सेक्रेटरीशी कसं बोलायचं विचारलं तेव्हा तुम्ही त्यांनाही तितक्याच मनापासून शिकवलंत, 'व्हेअर इज द ऑफिस' पण 'कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज', इज शेवटी का जातं ते मुंब्र्यापर्यंत समजावत होतात. त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, आमच्याकडून तर चहाही नाही.

आता क्लायंटचे मेल मी स्वतः लिहिते, कोणाला दाखवत नाही. मुलीचा अभ्यासही मीच घेते, एका दिवशी एक मुद्दा, तिला दुसरा हवा असतो तरी देत नाही. हे सगळं तुमच्यामुळे बाई, मनापासून खूप खूप आभार.

एक मात्र बाकी आहे. 'द' चा धडा तुम्ही पुढच्या आठवड्यावर टाकला होतात. गो टू स्कूल आणि गो टू वर्क ला द नाही, मग गो टू द ऑफिस आणि गो टू द बँक ला का? रविवारी चारनंतर घरी असाल तर मी आणि लेक दोघी येतो.

तुमची,
खिडकीसमोरच्या सीटवरची