क्रोएशियातल्या झादरजवळच्या विंटर बर्थबद्दल (हिवाळ्यात बोट बांधायच्या जागेबद्दल) तक्रार: बोट आधी आत हलवा, पैशांचं नंतर बघू

प्रति,
कस्टमर सपोर्ट, महापे ऑफिस

विषय: तुमच्यामार्फत केलेलं ऑक्टोबर ते मार्च मरीना (बोटी ठेवायचं बंदर) बर्थचं बुकिंग, कबूल केलेली जागा मिळाली नाही आणि जास्तीचं बिल

मॅडम नमस्कार,

तुम्ही फोनवर माझ्याशी मराठीत बोलता म्हणून हे पत्रही मराठीतच लिहितोय, पुढे युरोपातल्या ऑफिसला पाठवताना कृपया पूर्ण ट्रान्सलेट करून पाठवा, दोन ओळींचा सारांश नको.

मी नेरुळला राहतो. तीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो, आता रिटायर्ड. मुलगा म्युनिकला नोकरी करतो, त्याने आणि मी मिळून दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड मोटरबोट घेतली, ती क्रोएशियात झादरजवळ असते. या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं त्यामुळे हिवाळ्याची जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. महिनाभर शोधलं. बोट पाण्यातून वर काढून ठेवायची म्हटलं तर जवळच्या यार्डांत जमिनीवरच्या जागा आधीच भरलेल्या. ग्रीसमध्ये प्रेवेझाच्या समोर आक्तिओला मोठी यार्डं आहेत, तिकडे स्वस्त पडत होतं, पण झादरपासून ते सरळ रेषेतच जवळपास ४०० सागरी मैल, आमची शिडाची बोट नाही, वाचलेले पैसे डिझेलमध्येच गेले असते. इटलीत मोनफाल्कोनेला एक जागा मिळत होती, जमिनीवर, लिफ्टिंग धरून तुमच्यापेक्षा थोडीच महाग. ती मी तुमच्या शब्दावर सोडली. तुम्ही म्हणालात, "सर, आतल्या बाजूची जागा आहे, शोअर पॉवर (धक्क्यावरची वीज) आहे, सहा महिन्यांचे १,४४० युरो, सगळं धरून." हे मेलवरही आहे.

आता लांबीचं. तुमच्या फॉर्मवर एकच रकाना होता, बोटीची लांबी, तिथे मी पेपरवरची ८.५० मीटर लिहिली. पण मरीनावाले नुसता हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, मोजत नाहीत, मागचा प्लॅटफॉर्म, पुढचा अँकर रोलर (नांगराची साखळी सोडायची चकती) सगळं धरून टोकापासून टोकापर्यंत मोजतात हे मला माहीत आहे, म्हणून २६ ऑगस्टला मी वेगळा मेल करून कळवलं की प्लॅटफॉर्म ५५ सेंटिमीटर आणि रोलर २५, म्हणजे एकूण ९.३०, फोटोपण जोडला. तुमचं उत्तर आलं, "चालेल सर, पेपरवरचीच धरतात." मरीनाने अर्थातच ९.३० मोजली, ९ ते १० मीटरच्या गटात टाकली, १,७६० लावले आणि त्यावर तिथला २५ टक्के व्हॅट ४४०, झाले २,२००. मुलाने ते भरले कारण बोट पाण्यात आणि ऑपरेशन चार दिवसांवर, दुसरं काय करणार होता तो. मरीनावाल्यांशी माझं काही भांडण नाही, त्यांनी नियमाने मोजलं. ७६० युरोचा फरक तुमच्या चुकीच्या उत्तरामुळे पडला.

पण मॅडम, पैशांपेक्षा जागेचं जास्त मनाला लागलंय. करारात जो बर्थ नंबर होता तो दिलाच नाही, "तिथे वर्षभराच्या करारवाल्याची बोट आहे" असं सांगून सगळ्यात बाहेरच्या पोंटूनला (तरंगत्या धक्क्याला) बांधायला लावली, ईशान्येला पूर्ण उघडी. तिकडे हिवाळ्यात वेलेबितच्या डोंगरावरून ईशान्येचा थंड वारा खाली कोसळतो, त्याला बुरा म्हणतात, ताशी दोनशे किलोमीटरच्या वरचे झोत नोंदलेले आहेत, मास्लेनित्साचा पूल त्या वाऱ्यात बंद ठेवावा लागतो. अशा वाऱ्याच्या तोंडावर साडेआठ मीटरची बोट सहा महिने, माणूस नसताना? मागच्या आठवड्यात शेजारच्या बोटवाल्याने मुलाला व्हिडिओ पाठवला, नुसत्या पहिल्याच झोताने आमचा एक फेंडर (बोट घासू नये म्हणून लावलेली हवेची उशी) चपटा झालाय आणि मागचा कोपरा पोंटूनला घासतोय. तो व्हिडिओ बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात माझे जुने मित्र आहेत. १ जूनला मासेमारी बंद झाली की ते बोटी कुठे आणि कशा ठेवतात ते मी बघत आलोय, वारा कुठून येणार हे बघून जागा ठरते, मग दोर, मग झाकण. त्यांना मी हे दाखवलं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला की तिथे बांधायला सांगितलं कोणी.

त्या पोंटूनला वीजही नाही. शोअर पॉवर नाही म्हणजे चार्जर बंद, चार्जर बंद म्हणजे बॅटरी उतरणार, आणि बॅटरी उतरली की पावसाचं पाणी काढणारा बिल्ज पंप चालणार नाही, बोट जागच्या जागी पाण्याने भरते, असं भरलेलं मी नोकरीत स्वतः पाहिलंय. शिवाय विंटर केअरचे २८० युरो तुम्ही वेगळे घेतलेत, त्यात इंजिन गोड्या पाण्याने धुवून अँटिफ्रीझ भरणं आणि इम्पेलर (पाण्याच्या पंपातली रबरी चक्री) काढणं होतं. अजून झालेलं नाही, विचारलं तर "जानेवारीत करू". बुरा आला की तिकडे पारा शून्याखाली जाऊ शकतो, हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागात) खारं पाणी गोठलं तर तडा जाईल, तेव्हा जानेवारीत येऊन काय करणार? आणि इन्शुरन्सवाल्यांकडे करारातला बर्थ नंबर दिलाय, बोट प्रत्यक्षात दुसरीकडेच, उद्या काही झालं तर क्लेम नाकारतील.

मी उठून जाऊ शकत नाही, शेंगेन व्हिसाची तारीखच मिळत नाहीये, आणि मुलगा अजून कुबड्यांवर आहे. म्हणून सांगतोय, या आठवड्यात बोट आतल्या, वीज असलेल्या बर्थला हलवा, ते जमत नसेल तर तुमच्या खर्चाने लिफ्ट करून जमिनीवर ठेवा. नवीन बर्थ नंबरचं मरीनाच्या शिक्क्याचं पत्र पाठवा, इन्शुरन्सला द्यायचंय. इंजिनाचं काम ३० नोव्हेंबरच्या आत आणि प्रत्येक पायरीचा फोटो, मला बघून कळतं काय केलंय ते. ७६० युरो परत, ज्या अकाउंटवरून आले त्याच अकाउंटला.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर तक्रार नोंदवणार आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच केस करता येते. सगळे मेल, फोटो, तो व्हिडिओ आणि दोन्ही बिलं सोबत जोडलीत. बोट हलवली की त्याच दिवशी मला फोन करा, रात्री कितीही वाजता चालेल.

आपला ग्राहक,
नेरुळ, नवी मुंबई
१८ नोव्हेंबर २०२५