‘वय टळलं’ म्हणून परत पाठवू नका

मा. संपादक,

अतिसाराच्या लसीचा विषय निघाला की पालकांच्या अज्ञानावर बोट ठेवले जाते. बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. तान्ह्या बाळांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरच्या लसीला नाही म्हणणारी आई मला क्वचितच भेटली. सुई नाही, तोंडातून द्यायची, पोर रडतही नाही. घोडे अडते ते तारखेवर.

डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे. दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांची टोळी साखर कारखान्यावर जाते. तिथल्या कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, जन्मलेले पोर गुढीपाडव्याला गावी येते तेव्हा चार-पाच महिन्यांचे असते. अशाच एका बाईला “वय टळलं, आता ही लस नाही” म्हणून लसीकरण सत्रातून परत पाठवलेले मी पाहिले आहे. नियम तसा नाही. आपल्याकडे पहिला डोस वर्षाच्या आत कधीही सुरू करता येतो, आणि एकदा सुरू झाला की वर्ष उलटले तरी उरलेले डोस पुरे करायचे असतात.

हा समज हवेतून आलेला नाही. अमेरिकेत रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची आधीची लस १९९९ मध्ये मागे घेतली गेली, कारण काही बाळांचे आतडे आतड्यात शिरत होते. त्या धास्तीने पुढच्या लसींना ‘पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत’ अशी अट लागली. अमेरिकेत ते परवडले, तिथे जुलाबाने मूल सहसा दगावत नाही. गरीब देशांत मात्र ती दगावतात, आणि लसीला उशिरा येणारी मुलेही जास्त. २०१२ मध्ये विकसनशील देशांचा हिशेब मांडला गेला: अट काढली तर आतड्याच्या या विकाराने सुमारे ३०० मृत्यू वाढतील, पण रोटाव्हायरसचे सुमारे ४७ हजार टळतील. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही अट काढा असे सांगितले. सत्रावरच्या टेबलापर्यंत ते अजून पुरते पोचलेले दिसत नाही.

पुण्यात तयार होणाऱ्या रोटासील या रोटाव्हायरसच्या लसीची चाचणी आफ्रिकेतल्या नायजरमध्ये झाली. तिथवर पुण्याची लस जाते, मग उसाच्या फडावर जायला काय हरकत? गाळप हंगामात कारखान्याच्या तळावर दर महिन्याला एक सत्र ठेवावे, आणि ‘पहिला डोस वर्षाच्या आत चालतो’ ही ओळ प्रत्येक सत्राच्या फलकावर ठळक लिहावी.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड