थांबलेल्या पेशींविषयी

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

‘विभाजन थांबलं म्हणजे पेशी म्हातारीच झाली ना?’ असं विचारलंयस. नाही रे. थांबण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि आमच्याकडची नवी पोरंही इथेच गोंधळतात.

पहिली तऱ्हा म्हणजे नुसता विसावा. यकृत घे. तिथल्या बहुतेक पेशी एरवी विभाजन करत नाहीत, नेमून दिलेलं काम मात्र चालू असतं. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापला (हा प्रयोग १९३१ पासून होतोय), की उरलेल्या पेशी उठतात आणि आठवडा-दहा दिवसांत वजन जवळपास भरून काढतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींचंही तसंच. सीरम (रक्तातला, पेशींना वाढायला लावणारा द्रव भाग) काढून घेतलं की थांबतात, परत दिलं की साधारण दिवसभरात डीएनएची नक्कल सुरू.

दुसरं थांबणं, म्हणजे पेशीचं खरं म्हातारपण, लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये फिलाडेल्फियात दाखवलं. माणसाच्या पेशी सुमारे ५० वेळा दुप्पट झाल्या की थांबतात, मग कितीही खायला घाला. मधेच गोठवून ठेवल्या तरी मोजणी विसरत नाहीत! तोवर अलेक्सिस कॅरलच्या दबदब्यामुळे पेशी अमर असतात असंच सगळे धरून चालले होते. नोबेलवाल्याशी वाद कोण घालणार? आज कारण ठाऊक आहे: गुणसूत्रांची टोकं झिजली की पेशीला डीएनए तुटल्यासारखा वाटतो, आणि पी-५३, पी-१६ ही प्रथिनं विभाजन अडवून धरतात.

गंमत म्हणजे अशी पेशी झोपलेली नसतेच. विभाजन बंद, पण वाढीचा संदेश चालूच. त्यामुळे ती फुगते, तव्यावरच्या अंड्यासारखी पसरते. शिवाय दाह वाढवणारी प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींनाही बिघडवते. त्या ओळखायला १९९५ पासून एक निळा रंग वापरतात, पण दाटीत वाढलेल्या, नुसत्या विसावलेल्या पेशीही कधी कधी निळ्या होतात. म्हणून मी एकट्या रंगावर विसंबत नाही. सीरम देऊन उठतात का तेही बघतो.

आईसाठी ‘म्हाताऱ्या पेशी मारणाऱ्या’ गोळ्या मागवू का, म्हणतोस. मी तरी मागवणार नाही. २०११ मध्ये अशा पेशी काढून टाकल्यावर उंदरांचे काही त्रास लांबणीवर पडले हे खरं, पण ते मुद्दाम जनुकं बदललेले, लवकर म्हातारे होणारे उंदीर होते. आणि या पेशी नुसत्या उपद्रवी नाहीत, जखम भरतानाही लागतात. बऱ्याच तिळांत कर्करोगाकडे नेऊ शकणारं बिघडलेलं जनुक असतं. तिथल्या पेशी थांबल्यामुळेच तो तीळ वाढत नाही, असं मानतात. तुझ्या हनुवटीवरचाही त्यातलाच असेल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद