मँडोलिनवर आधी कोणत्या धुना बसवाव्यात

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाण्यांची यादी मिळाली. दहापैकी सात गाणी संथ आहेत. संथ म्हणजे सोपं, असं धरून तू ती निवडलीस, पण मँडोलिनवर ते उलट आहे. तार छेडली की सूर दीड-दोन सेकंदांत विरतो. स्वर चार मात्रा लांबवायचा असेल तर ट्रेमोलो लागतो, म्हणजे तारांच्या एकाच जोडीवर (मँडोलिनवर प्रत्येक सुराला दोन-दोन तारा असतात) पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, भरभर खाली-वर, आणि एकही आघात जड किंवा हलका पडता कामा नये. मनगट तेवढं सैल व्हायला काही महिने जातात. म्हणून ती सात गाणी सध्या बाजूला ठेव, ट्रेमोलो हाती आला की त्यांनाच आधी हात घाल.

आत्ता आखूड स्वरांच्या, मोकळ्या तारा वापरता येतील अशा धुना घे, आणि प्रत्येक चाल आधी गुणगुणून बघ. गुणगुणता आली नाही, तर चूक बोटाची की कानाची हे कळत नाही.

पहिली धून माझ्या मते 'बॉइल देम कॅबेज डाउन'. अमेरिकेतली जुनी लोकधून आहे, आणि तिची साधी चाल एकट्या ए तारेवर होते. मोकळी तार सा धर. रे दुसऱ्या पडद्यावर (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) तर्जनीने, ग चौथ्यावर मधल्या बोटाने, म पाचव्यावर अनामिकेने. क्रम असा: ग, म, ग, रे, पुन्हा ग, म, मग ग-रे, आणि शेवटी सा. प्रत्येक स्वरावर चार आघात, फक्त ग-रे च्या जागी दोन-दोन. एकूण बत्तीस. मेट्रोनोम ६० वर लाव, टिक् ला पिक खाली, दोन टिकांच्या मध्ये वर. सगळी चाल सोळा सेकंदांत संपते. तीनदा ओळीने न चुकता आली तरच चाराने लय वाढव. नंतर चार सारख्या आघातांऐवजी एक लांब, दोन छोटे (खाली, खाली-वर) असं वाजव. तेच चार स्वर नाचायला लागतात.

इथे दोन गोष्टी बिघडतात. बोट पडद्यापासून मागे राहिलं की तार खरखरते, अगदी पडद्याला लागून ठेव. आणि जोडीतली एकच तार दबली तर सूर फाटतो, त्यासाठी बोटाचं टोक दोन्ही तारांवर सारखं बसलं पाहिजे.

दुसरी 'ट्विंकल ट्विंकल'. बालगीत म्हणून कमी लेखू नकोस. डी तार मोकळी सा, ए तार मोकळी प, ए वर दुसऱ्या पडद्यावर ध, डी वर पाचव्यावर म. सा सा प प ध ध प, आणि तिथे स्वर थांबतो. हात मात्र थांबवायचा नाही. वरचा आघात तारेला न लावता हवेतच जाऊ दे, म्हणजे पुढचा स्वर आपोआप खालच्या आघातावर येतो. हात थांबवलास तर पुढची ओळ उलट्या आघाताने सुरू होईल आणि लय का अडखळली ते समजणार नाही.

मग भूप राग. डी वर सा मोकळी, रे दुसरा, ग चौथा. ए वर प मोकळी, ध दुसरा, वरचा सा पाचवा. सारेग, रेगप, गपध, पधसां हा पलटा खाली-वर न मोडता वाजव. प दर वेळी वरच्या आघातावर येतो, आणि तार बदलताना वर जाणं हेच अवघड असतं. म्हणून हा पलटा आठवडाभर तरी सोडू नकोस. तो बसला की 'अँजेलिन द बेकर' घे, डी मध्ये वाजवतात तेव्हा ती बहुतेक याच पाच स्वरांत फिरते. दुलपद हा गोव्याचा गीतप्रकार त्यानंतर, कारण त्याच्या सहाच्या ठेक्यात आघात खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असे पडतात. नुकती बसलेली सवय त्याने मोडते. गोव्याचाच मांडो तर त्याहून पुढे, तो संथ असतो.

दरबारीसारखा मींडेचा (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्याचा) राग मात्र या वाद्यावर आत्ता मागू नकोस. जोडतारा ताठ असतात, त्या फारशा ओढल्या जात नाहीत. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी जोड्या काढून पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं ते याचसाठी.

पिक एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घे. गिटारचं पातळ पिक जोडीवर वाकतं आणि आघात उशिरा पडतो. जोड्या रोज वाजवण्याआधी लाव, एक तार बोट टेकवून मुकी ठेवून दुसरी छेडत. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नकोस. घोडी (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) चिकटवलेली नसते, ती सरकली की वरच्या पडद्यांचे सूर बेसूर होतात.

ग-रे च्या जागी अजून अडखळत असशील तर तेवढाच तुकडा रेकॉर्ड करून पाठव.

तुझी आई