ओझरला बनलेलं मिग ओझरलाच राहू द्या, पण छपराखाली

संपादक महोदय,

सप्टेंबर २०२५ मधे चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाचा निरोप समारंभ झाला तो आमच्या घरी सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून बघितला. वडील मिग कारखान्यात रिव्हेटिंगला (रिव्हेट म्हणजे पक्के खिळे मारून पत्रे जोडायचं काम) होते, आता ८३ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. पाण्याचे फवारे मारून विमानांना सलामी दिली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, संपल्यावर एवढंच विचारलं की आता ही सगळी ठेवणार कुठं. मला उत्तर देता आलं नाही म्हणून हे पत्र.

नाशिकच्या नव्या पिढीला कदाचित माहीत नसेल, पण एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) ओझरचा कारखाना १९६४ ला उभा राहिला तोच मुळी मिग-२१ साठी. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा आपल्याकडं, अशी वाटणी होती. सुरुवातीला रशियातून आलेले सुटे भाग जोडायचे, मग हळूहळू सगळं इथंच. मिग-२१ चे एकेक प्रकार निघाले, टाइप ७७, मग टाइप ९६, मग बिस, आणि नंतर बिसला नवीन रडार वगैरे बसवून बायसन केलं तेही काम इथलंच. देशात ६०० च्या वर मिग-२१ बनली. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेट मारली त्यात मिग-२१ होती. म्हणजे द्राक्षं आणि कुंभमेळा याच्याइतकीच ही पण नाशिकची ओळख आहे असं मी मानतो.

आता माझी भीती सांगतो. निवृत्त झालेलं विमान आपल्याकडं बऱ्याचदा चौकात नाहीतर बागेत खांबावर चढवतात, उद्घाटनाचा फोटो पेपरात येतो आणि विषय संपतो. मी एका गावातल्या बागेत असं एक विमान बघितलंय, गावाचं नाव लिहीत नाही. पुढच्या तोंडात चिप्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या, कॉकपिटची काच उन्हानं दुधासारखी पांढरी झालेली, त्यावर भिंतीला मारतात तसला चंदेरी ऑइलपेंट, आणि बोर्डवर फक्त "लढाऊ विमान". कुठल्या प्रकारचं, कुठल्या स्क्वाड्रनचं, नंबर काय, काही नाही. नंबर तर रंगाखाली गेलेला. वडील सोबत होते, ते पंखाखाली वाकून बघत बसले आणि म्हणाले रिव्हेट सुटायला लागलेत.

हे का होतं तेही त्यांनीच समजावलं. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा, पण आतले काही बोल्ट आणि फिटिंग पोलादाचे, दोन धातू एकमेकांना चिकटलेले असताना मधे पाणी साचलं की ॲल्युमिनियम आतून खायला सुरुवात होते, बाहेरून रंग चकाचक दिसतो आणि आत पांढरी पावडर झालेली असते. त्यात पक्षी घरटी करतात, त्यांच्या घाणीनं काम आणखी लवकर होतं. टायरवर वर्षानुवर्षं वजन ठेवलं तर ते तडकतात, खाली स्टँड द्यावे लागतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावरचं विमान फार टिकत नाही. समुद्राजवळ तर विचारूच नका. गोव्यात दाबोळीला नौदलाचं म्युझियम आहे, सी हॉक, अलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन, सगळी बघण्यासारखी, प्रत्येक मराठी माणसानं बीचवर जाताना तासभर तिकडं जावं, पण मोठी विमानं बाहेर खाऱ्या हवेत उभी असलेली बघून जीव तुटतो.

जुन्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेचं काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको. १९९७ ला निवृत्त, २०१२ पर्यंत लोकांना बघता येत होती, आणि २०१४ ला साधारण ६० कोटीला भंगारात. मी शाळेत असताना नाही पण नंतर मुलाला घेऊन गेलो होतो, तो अजून आठवण काढतो. त्याच्या मुलांना काय दाखवणार?

दुसरं उदाहरण लिबरेटरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही बॉम्बर विमानं कानपूरला मोडीत काढून टाकलेली होती, आपल्या माणसांनी त्यातली ४० च्या आसपास दुरुस्त करून हवाई दलात १९६८ पर्यंत उडवली. नंतर त्यातली काही बाहेर गेली. आज एक लंडनच्या आरएएफ म्युझियममधे आहे, एक अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा म्युझियममधे. त्यांनी नीट जपली म्हणून मला त्यांचा राग नाही, उलट आभारच आहेत. पण ज्या देशात भंगारातून उठवली तिथल्या पोराला ती बघायची तर दिल्लीत पालमच्या हवाई दलाच्या म्युझियममधे एकच शिल्लक आहे. स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही जुनी लढाऊ विमानं पण अशीच बाहेर गेली.

आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. परशुराम नावाचं डकोटा विमान आठवा, परदेशात भंगारात पडलेलं, एका खासदारांनी स्वतःच्या पैशानं नीट करून घेतलं आणि २०१८ मधे ते इंग्लंडहून उडत भारतात आलं, त्याला व्हीपी ९०५ हा नंबर दिला, १९४७ ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा.

माझं मागणं उडवायचं पण नाही. मिग-२१ पंधरा मीटर लांब आणि पंखांची रुंदी जेमतेम सात मीटर, म्हणजे एखाद्या मंगल कार्यालयाएवढ्या शेडमधे तीन आरामात बसतील. एक टाइप ७७, एक टाइप ९६, एक बायसन. पक्की फरशी, चांगलं छप्पर, वारा खेळता, खाली स्टँड, आणि संकटात वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकणारी सीटखालची काडतुसं काढून टाकल्याची लेखी खात्री. शेजारी प्रत्येक विमानाचा खरा नंबर, कुठल्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडलं, कुठं कुठं उडलं. आणि हो, अपघात पण लिहा. लोक याला उडती शवपेटी म्हणतात, वडिलांना तो शब्द सहन होत नाही, पण जे वैमानिक गेले त्यांची नावं त्या भिंतीवर असलीच पाहिजेत, ती लपवून ठेवलेलं म्युझियम मला नको.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमधे रस्ते, चौक, सुशोभीकरण सगळं चाललंय, त्यात कुणाच्या डोक्यात एक मिग चौकात उभं करायची कल्पना येण्याआधी पालकमंत्री, खासदार आणि एचएएलच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून शेडचा विचार करावा. आणि घाई करावी, कारण साठच्या दशकात कामाला लागलेले लोक आता ऐंशीच्या पुढं आहेत, कुठला जोड कुठं उघडतो हे त्यांच्या हाताला माहीत आहे, कागदावर सगळं नाही. वडिलांच्या जुन्या ग्रुपमधले पाच जण अजून चालते फिरते आहेत, मी विचारलं तर सगळे म्हणाले दर रविवारी येऊ, पैसे नकोत, फक्त गाडी पाठवा.

आपला,
एक वाचक, ओझर (जि. नाशिक)