ताई, टेम्प्लेट तुमच्याकडे गेली त्याबद्दल

प्रिय ताई,

वाचनालयाची साइट सुरू होऊन वर्ष झालं. आभार तेव्हाच मानायला हवे होते, कामाच्या गडबडीत राहून गेले.

सुरुवातीला आपली वाटणी अशी होती: तुम्ही फिग्मात, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, पान काढायचं, मी त्याचं एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारं पान, करायचं. बटणाखाली चार पिक्सेल जागा वाढवायची तरी तुम्हाला माझ्या मागे लागावं लागे. मी ‘उद्या बघतो’ म्हणायचो आणि आठवडा निघून जायचा. एके दिवशी तुम्ही म्हणालात, “टेम्प्लेट आणि सीएसएस माझ्याकडे दे. कुठली माहिती कोणत्या नावाने येणार, तेवढं तू सांग.”

पानाचा साचा (टेम्प्लेट) आणि त्याचं रंगरूप-मांडणी (सीएसएस) तुमच्या हातात जाणार म्हणून मी धास्तावलो होतो. खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. आपण वापरतो ते जँगो, म्हणजे पायथन भाषेत साइट बांधायचं तयार साधन, कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं आणि 2005 साली सर्वांसाठी खुलं झालं. त्याची टेम्प्लेटची भाषा मुद्दामच मर्यादित ठेवलेली आहे; तिच्यात थेट पायथन लिहिता येत नाही. दुहेरी महिरपी कंसातलं पुस्तकाचं नाव तुम्ही पानावर कुठेही हलवा, माझ्या थकबाकीच्या हिशेबाला धक्का लागत नाही. हे मला ठाऊक होतं, पण तुम्ही गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकून पहिला बदल स्वतः चढवलात तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग मला जे कधीच दिसलं नसतं ते तुम्ही दुरुस्त करत गेलात. शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलंत: ‘ग्रंथालय’ची शिरोरेघ तुटली होती, प्रत्येक अक्षर सुटं पडलं होतं. ओळीची उंची मी कमी ठेवल्यामुळे बटणावरच्या ‘नोंदणी’ची वेलांटी वरून कापली जात होती. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायलाही तुम्हीच लावलंत, त्याशिवाय फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवत होता. काउंटरवरच्या काकूंना ते पहिल्यापासून खटकत होते.

शोधून एकही पुस्तक सापडलं नाही तर पानावर काय दिसेल, हा प्रश्नसुद्धा तुमचाच. तो मी विचारायला हवा होता.

पुढच्या महिन्यात बालविभागाचं काम सुरू होतंय. कुठली माहिती कोणत्या नावाने येणार, त्या नावांची यादी करून ठेवली आहे. आधी तुम्ही बघा, मग मी कोडला हात लावतो.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमर