मनूला, केमिस्ट्रीतल्या नावांबद्दल

मनू बाळा,

काल फोनवर म्हणालीस ना की कंपाउंडची नावं पाठच होत नाहीत, आईड आईट एट सगळ्याची खिचडी होते. अगं पाठ करूच नकोस ती, फोडून वाच.

आपल्या द्राक्षावर बुरशी येऊ नये म्हणून बोर्डो मारतो ते तू लहानपणापासून बघतेयस, एक टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि साधारण तेवढाच कळीचा चुना. मोरचूद म्हटलं की निळा खडा डोळ्यासमोर येतो पण आत काय आहे ते कळत नाही, आणि कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट म्हटलं की तांबं आलं, सल्फेट आलं आणि सोबत पाण्याचे पाच रेणू आहेत हेही आलं. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून चिमूटभर टेस्ट ट्यूबमध्ये तापव, पाणी उडून गेलं की पांढरी भुकटी होते, गार झाल्यावर थेंबभर पाणी टाक, परत निळी. एकदा बघितलंस की पेंटाहायड्रेट जन्मात विसरणार नाहीस. (घरी तव्यावर अजिबात नाही हां, विषारी असतं ते.)

आईडचं म्हणशील तर सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाहीच, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार. झालं.

पूर्वी युरोपात मोरचूद म्हणजे ब्लू व्हिट्रिऑल, हिराकस (लोखंडाचं सल्फेट) म्हणजे ग्रीन व्हिट्रिऑल, आणि सल्फ्युरिक ॲसिड ऑइल ऑफ व्हिट्रिऑल, म्हणजे तेल नसताना तेल! 1787 मध्ये पॅरिसला लाव्हाझिए नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच्या तीन सोबत्यांनी बसून ठरवलं की पदार्थ कशाचा बनलाय ते नावातच दिसलं पाहिजे. मला हे फार मोठं काम वाटतं, कारण आपल्याकडे दुकानात अजून नुसतं सोडा म्हणतात, खायचा सोडा सोडियम हायड्रोजन कार्बोनेट, धुण्याचा सोडा सोडियम कार्बोनेट, मधल्या हायड्रोजनच्या जागी आणखी एक सोडियम आला की भज्यात घालायची वस्तू कपड्यांची होते, आणि कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड तर कातडी जाळतं. म्हणून डबा कुठलाही असो, बारीक अक्षरातलं नाव आधी वाचायचं.

फेरस फेरिकच्या जागी आयर्न टू, आयर्न थ्री दिसलं तर घाबरू नकोस, तो आकडा लोखंडावरचा चार्ज आहे, अणूंची संख्या नाही, इथेच पोरं मार्क घालवतात. बाकी कुठलं नाव अडलं तर वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक, रात्री मोटर बंद करून आलो की बघतो.

तुझे पप्पा